खेळ कोणाच्या मालकीचा?

लगोरी खेळताना तुम्ही कधी कोणाची परवानगी काढता का? नाही ना! पण अमेरिकेतल्या एका खेळाच्या परवान्यावरून २०२३ साली केवढं वादळ उठलं होतं, बरं का!

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगणारा सूत्रधार. बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार. योद्धा म्हणाला, “मी दार फोडतो,” की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर दार फुटलं, नाहीतर फजिती!

आता हा खेळ कोणाचा? कायदा सांगतो, की खेळण्याची रीत सगळ्यांची. फासा टाकून दार फोडायची युक्ती कोणीही वापरावी. पण ज्या शब्दांत नियम लिहिले ते शब्द, चित्रं, कथा यांवर हक्क निर्मात्याचा. म्हणून पुस्तकातलं पान जसंच्या तसं छापून विकता येत नाही. खुद्द या खेळालाही हे भोवलं. त्यात टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांतले ‘हॉबिट’ आले होते. हक्कदारांनी हरकत घेतली आणि त्यांचं नाव ‘हाफलिंग’ करावं लागलं!

पुढे खेळाची मालकी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीकडे आली. २००० साली तिने खुला परवाना काढला. खेळाच्या नियमांचा मोठा भाग घ्या, त्यावर आपली पुस्तकं लिहा, विका. पैसे देऊ नका. कंपनीचा हिशेब सोपा होता. नव्या साहसकथा आल्या, की मूळ पुस्तकंही खपतील. कितीतरी छोटे प्रकाशक यावर पोट भरू लागले.

परवान्यात ‘कायमचा’ असा शब्द होता. पण ‘मागे घेता येणार नाही’ असं कुठेच लिहिलं नव्हतं! जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना बंद, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा! खेळाडू खवळले. अनेकांनी कंपनीच्या सेवेची वर्गणीच बंद केली. अखेर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच राहिला. शिवाय सुमारे ४०० पानांचे नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुले झाले. अट एकच, मूळ निर्मात्याचं नाव द्यायचं. आणि हा परवाना मागे घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पाहिलंत, एका न लिहिलेल्या वाक्याने किती जणांची झोप उडवली!

तेव्हा सुट्टीत तुम्ही नवा खेळ रचलात, तर नियमांच्या वहीत शेवटी एक ओळ जरूर लिहा : हा खेळ कोणी रचला आणि इतरांनी तो कसा वापरावा. मग ती ओळ आईबाबांना वाचायला द्या. तिचे दोन अर्थ निघत नाहीत ना, तेवढं त्यांच्याकडून तपासून घ्या!