चर्चगेटसमोरचे ईरॉस

अंधेरी-बोरीवलीहून गाडीने येणारा आपला उपनगरवासी चर्चगेटला बाहेर पडला की त्याच्यासमोर ईरॉस चित्रपटगृहाचा टप्प्याटप्प्याने उंचावत गेलेला मनोरा उभा असतो. रोज दिसणाऱ्या ह्या वास्तूकडे आज जरा थांबून पाहू.

पहिला भारतीय बोलपट मुंबईत १९३१ साली आला. त्यानंतर १९३३ साली रीगल आणि १९३८ साली मेट्रो व ईरॉस ही प्रशस्त चित्रपटगृहे उघडली. समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर ईरॉसची उभारणी झाली. शियावक्स कंबाटा हे तिचे मालक व सोराबजी भेदवार हे वास्तुशिल्पज्ञ.

जागा दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची, म्हणजे अडचणीची. भेदवारांनी त्या अडचणीचेच भूषण केले. प्रवेश कोपऱ्यावर ठेवून त्यावर मनोरा चढविला आणि दोन्ही रस्त्यांच्या कडेने इमारतीचे दोन बाहू पसरले. दर्शनी भागाला काही ठिकाणी आग्र्याचा तांबडा दगड, तर उरलेल्याला सायीसारखा फिकट रंग. कोरीव कमानींऐवजी साध्या, ठसठशीत रेषा हे ह्या 'आर्ट डेको' शैलीचे लक्षण होय. ओव्हल मैदानापलीकडील उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारतीशी ताडून पाहावे, म्हणजे दोन युगांतला फरक लक्षात येतो.

आत पांढऱ्या-काळ्या संगमरवराचे दालन, त्याला सोनेरी रंगाची जोड, चकचकीत कठड्यांचे जिने आणि मग सुमारे बाराशे आसनांचे प्रेक्षागृह. दालनातून जिना, जिन्यातून अंधार, अशी प्रेक्षकाच्या मनाची तयारी पायरीपायरीने होई. चित्रपटगृहाची खरी वास्तुकला ती हीच.

२०१७ साली हे चित्रपटगृह बंद पडले. २०१८ साली ह्या परिसरातील गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. २०२४ साली ईरॉस पुन्हा उघडले. पण पूर्वीच्या मानाने लहान प्रेक्षागृह घेऊन, आणि वास्तूचा बराच भाग दुकानांकडे गेल्यावर. मनोरा राखला गेला ही समाधानाचीच गोष्ट. पडद्याला कुलूप लागण्यापेक्षा तो लहान होऊन चालू राहणेही बरे. तथापि वारसा म्हणजे केवळ रस्त्यावरून दिसणारी भिंत नव्हे. बाराशे अनोळखी माणसे एका छपराखाली एकदम हसत, एकदम गप्प होत. त्या सहवासासाठीच एवढी मोठी जागा बांधली होती. आपल्या उपनगरांतही एकपडदा चित्रपटगृहे मोडकळीस येत आहेत. त्यांच्या रक्षणाचा प्रश्न निघेल तेव्हा दर्शनी भागाबरोबर आतल्या जागेचाही विचार आपण आग्रहाने मांडला पाहिजे.