सुटून आलेला बर्फ

२०१७च्या मे महिन्याच्या अखेरीस कॅनडाचे 'अमंडसन' हे जहाज क्विबेकहून हडसनच्या उपसागराकडे निघाले. जहाजावरच्या शास्त्रज्ञांना तिथे तापमानवाढीचे परिणाम अभ्यासायचे होते. पण अमंडसन हे तटरक्षक दलाचे, बर्फ फोडणारे जहाज. न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याला मासेमारी बोटी आणि तेलवाहू जहाजे बर्फात अडकली होती. मोहीम बाजूला ठेवून अमंडसनला तिकडे वळावे लागले. जूनच्या तोंडावर तिथला समुद्र बहुधा मोकळा झालेला असतो. त्या वर्षी मात्र काही ठिकाणी पाच ते आठ मीटर जाडीचा बर्फ आढळला. मॅनिटोबा विद्यापीठाचे डेव्हिड बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला, तेव्हा कळले की त्यातला बराच बर्फ तिथला नव्हताच. तो आर्क्टिकच्या उत्तर टोकाकडून वाहत आला होता.

समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. गोठताना बरेचसे मीठ बाहेर पडते, तरी थोडे खारे पाणी बर्फातल्या बारीक पोकळ्यांत अडकून राहते. म्हणून एकाच हिवाळ्यातला बर्फ तुलनेने मऊ असतो. जो बर्फ उन्हाळे काढतो, त्यातले खारे पाणी हळूहळू झिरपून जाते आणि वर्षागणिक तो जाड आणि टणक होत जातो. छोट्या बोटीला कोवळा बर्फही धोक्याचाच. हा जुना बर्फ तर पोलादी जहाजालाही जुमानत नाही.

तो एरवी उत्तरेतच अडून राहतो, त्याला एक कारण आहे. ग्रीनलंड आणि एल्समेर बेट यांच्या मधल्या नेअर्स सामुद्रधुनीत हिवाळ्यात बर्फाचे तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि या काठापासून त्या काठापर्यंत कमान तयार होते. मागचा जुना बर्फ ती उन्हाळ्यापर्यंत थोपवून धरते. २००७ मध्ये ही कमान झालीच नाही. २०१७ मध्ये ती मे महिन्यातच कोसळली. तापमानवाढीने बर्फ पातळ झाला की कमान कच्ची राहते, आणि सुटलेला बर्फ बॅफिनच्या उपसागरातून लॅब्राडोरच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे निघतो. यातला सगळाच न्यूफाउंडलंडपर्यंत पोचत नाही, पण थोडा पोचला तरी पुरे होतो. तापमान वाढले म्हणजे बर्फाचा त्रास कमी होणार, हे गृहीतक मला म्हणूनच घातक वाटते.

किनाऱ्याजवळ सारी भिस्त वाऱ्यावर. वारा जमिनीवरून सुटला तर बर्फ समुद्रात लोटला जातो. ईशान्येचा सुटला तर बंदरांची तोंडे बुजतात. २०१७ मध्ये खेकडे आणि शेवंडे यांचा हंगाम अनेकांच्या हातून निसटत गेला आणि सरकारला मच्छीमारांसाठी मदत जाहीर करावी लागली. काही जण तशातही बाहेर पडले. घरचा खर्च हंगामासाठी थांबत नाही. अडकलेल्यांपैकी काहींना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले.

या किनाऱ्याला बर्फाचे भय नवे नाही. १९१४च्या वसंतात 'न्यूफाउंडलंड' जहाजावरचे १३२ जण सीलच्या शिकारीसाठी बर्फावर उतरले आणि हिमवादळात सापडले. जहाजावरचे बिनतारी यंत्र मालकांनी आधीच काढून घेतले होते. जवळपास शिकारीचे आणखी एक जहाज होते. दोन्ही जहाजांवरच्या लोकांना वाटत राहिले, की माणसे दुसऱ्या जहाजावर सुखरूप आहेत. दोन रात्री ती उघड्यावर राहिली. ७८ जण गेले.

माणसेच सापडतात असेही नाही. २०१४ मध्ये न्यूफाउंडलंडच्या नैर्ऋत्येला नऊ निळे देवमासे बर्फात कोंडून मेले. देवमाशाला श्वासासाठी वर यावेच लागते, आणि वर बर्फ दाटलेला. वायव्य अटलांटिकमध्ये या जातीचे प्रौढ प्राणी अवघे अडीचशेच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. त्या हिशेबाने नऊ हा आकडा फार मोठा. दोन मृतदेह ट्राउट रिव्हर आणि रॉकी हार्बर या गावांच्या किनाऱ्याला लागले. त्यांतल्या एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचे हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमने जपले.

कॅनडाची बर्फसेवा हंगामात रोज नकाशे काढते. उपग्रहाला बर्फाचा पसारा दिसतो, पण कोवळ्या बर्फात मिसळलेला जुना तुकडा वेगळा ओळखणे कठीण जाते. म्हणून मे-जूनमध्येही बर्फ फोडणारी जहाजे या किनाऱ्याजवळ सज्ज हवीत. आर्क्टिकमधला एकूण बर्फ घटतो आहे, एवढ्या आधारावर त्यांची संख्या कमी केली, तर ते मच्छीमारांच्या जिवावर बेतेल.