रंगांध न्याय

तारीख २९ जून २०२३. त्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला पुतण्याकडे मुक्कामाला होतो. सकाळचा दुसरा चहा चालला होता, तोच पुतण्या फोन नाचवीत स्वयंपाकघरात आला. “काका, जिंकलो! आता पोरीच्या प्रवेशाला कातडी आड येणार नाही!”

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्ध निकाल दिला होता. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश पाहायचा नाही! काळ्या मुलांना झुकते माप देताना आशियाई मुलांवर अन्याय होतो, अशी फिर्याद होती. पुतण्याची मुलगी त्याच वर्षी अर्ज भरणार. घरात पेढे नव्हते, बर्फीवर भागवले.

मी पडलो जुना वकील. चाळीस वर्षे काळा कोट घातलेल्या माणसाला आनंदाआधी शंका सुचते. निकालाच्या चर्चेत एक शब्द सारखा येत होता, त्याला आपण मराठीत ‘रंगांध’ म्हणतो. डोळ्यांचे डॉक्टर हा शब्द रंग न ओळखणाऱ्यासाठी वापरतात. पण गंमत पाहा, मदांध म्हणजे मद न दिसणारा नव्हे, मदाने आंधळा झालेला! त्या हिशेबाने रंगांध म्हणजे रंगाने आंधळा झालेला. रोग आणि औषध एकाच शब्दात! अमेरिकेचा कायदा याच दोन अर्थांमध्ये हेलकावे खात आला आहे.

१८९२ साली न्यू ऑर्लीन्समध्ये होमर प्लेसी नावाचा गृहस्थ आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच काय तो काळा. दिसायला गोराच, पण कायद्याची परीक्षा पाहण्यासाठी त्याने आपण होऊन वंश सांगितला आणि अटक करवून घेतली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितले की, डबे वेगळे असले तरी बरोबरीचे असले म्हणजे झाले. ते एक मत न्यायमूर्ती हार्लन यांचे. गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेल्या या माणसाने लिहिले की, आमची घटना रंगांध आहे, ती नागरिकांत उच्चनीच वर्ग मानीत नाही. शाळांतली वेगळी पंगत मोडायला मात्र १९५४ साल उजाडावे लागले.

हार्लन यांचे ते वचन दुबळ्याच्या बाजूने उभे होते. २०२३ साली न्यायमूर्ती थॉमस यांनी त्याचाच कैवार घेऊन झुकते माप रद्द ठरवले. थॉमस स्वतः काळे. न्यायमूर्ती जॅक्सन याही काळ्या. त्यांनी उलट बजावले की, कायद्यात वंश गैरलागू ठरवला म्हणून जीवनात तो तसा होत नाही. दोघेही प्रामाणिक, मग खरे कोणाचे?

रात्री जेवताना मी पुतण्याला म्हटले, “अरे, हार्लन यांनी त्याच निकालपत्रात चिनी लोकांविषयी लिहिलंय, की ही जात इतकी वेगळी की आम्ही त्यांना नागरिक होऊ देत नाही. आपलीही गत तीच. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाला याच न्यायालयाने ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ साली दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरतं. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. आणि तो झाला कधी? काळे लोक रस्त्यावर मार खाऊन हक्क मिळवीत होते, त्याच लाटेत.”

“म्हणून माझ्या मुलीने मागे राहायचं?” पुतण्या म्हणाला. प्रश्न खोटा नव्हता. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्या पोरीला तिच्या पूर्वजांच्या नव्हे, दुसऱ्यांच्याच इतिहासाचा हिशेब का दाखवायचा? मला उत्तर सुचेना. सून म्हणाली, “भात गार होतोय.” विषय तिथेच राहिला.

मी पुण्याला परतलो. ऑक्टोबरात नातीचा फोन. “आजोबा, अर्जात निबंध लिहायचाय. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते लिहायला निकालानेही मुभा ठेवलीय. ते १९२३ चं पुन्हा सांगा ना.” मी सांगितले, तिने टिपून घेतले.

तिला मनाजोगता प्रवेश मिळाला. त्याच २०२४ सालच्या आकड्यांत एमआयटीच्या नव्या वर्गात आशियाई मुले ४१ वरून ४७ टक्क्यांवर गेली, काळी मुले १३ वरून ५ वर आली. ही बातमी पुतण्यानेच मला पाठवली; पण त्याखाली ‘जिंकलो’ असे लिहिले नव्हते.

न्यायाने एक दिवस रंग पाहणे सोडावे, हे मलाही मान्य. पण घरातली एक खोली अजून अंधारात असताना दिवा मालवून ‘आता सारे सारखेच’ म्हणण्यात काय अर्थ? यंदा लक्ष्मीपूजनाला नातीचा फोन आला की तिला एवढे विचारणार आहे, “बाळ, तुझ्या वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं गं?”