बार्शी लाइटची छोटी प्रतिकृती

मंगळवेढ्याच्या शेजारी पंढरपूरला 1906 साली बार्शी लाइट रेल्वेची वाफेची गाडी आली. तिच्या रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर होतं. आज तिथे ब्रॉडगेज आहे, त्यामुळे ती गाडी पुन्हा धावताना पाहायची तर प्रतिकृतीतच. माझ्या मते अशी प्रतिकृती खरी वाटते ती दोन गोष्टींमुळे: गाडीचा संथ वेग आणि कॅमेऱ्याची उंची. इंजिनावरची बारीक कारागिरी त्यानंतर येते. 1:87 या प्रचलित प्रमाणात हे रूळ जवळपास 9 मिलिमीटरचे होतात आणि तेवढ्या मापाचे रूळ तयार मिळतात. ताशी 30 किलोमीटरची गाडी या प्रमाणात सेकंदाला साधारण 10 सेंटिमीटरच सरकायला हवी. हौशी लोक ती बहुतेकदा याहून किती तरी जोरात पळवतात, आणि तिथेच तिचं खेळणं होतं.

फोटोचंही तसंच. वरून काढला तर सगळी मांडणी दिसते हे खरं, पण तो नकाशा झाला. फलाटावरच्या माणसाची नजर इथे रुळापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असते, म्हणून लेन्स तिथवर खाली न्यावी. मग रुळालगत मांडलेली, मंगळवेढ्याकडची पुरुषभर उंचीची मालदांडी ज्वारी इंजिनाच्या चाकांपुढे उभी दिसते. इतक्या जवळून मागचं धूसर होतं, ही अडचण रास्त आहे. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र लहान करून, स्टँड लावून जास्त वेळ प्रकाश घ्यावा. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने त्यात हा त्रास कमी होतो. धुराच्या यंत्राचा मोह मात्र टाळाच, कारण धूर प्रमाणात लहान होत नाही.

चालती प्रतिकृती पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडचं जोशी लघुरेल्वे संग्रहालय जरूर गाठा.