खापरच्या मुलांची इंग्रजी

अक्कलकुवा तालुक्यातील खापर व त्याच्या आसमंतातील सातपुड्याच्या पाड्यांत ज्या बालकाच्या मुखी देहवाली किंवा वसावी भिली असते, शाळेत ज्यास प्रथम मराठी आत्मसात करावी लागते आणि शेजारच्या गुजरातेतील बाजारामुळे गुजरातीही ज्याच्या कानी पडते, त्याच्यापुढे इंग्रजी ही वस्तुतः तिसरी वा चौथी पायरी होय. सन 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सक्तीची झाली. हेतू स्तुत्यच होता. परंतु ज्याची मराठीच अद्याप कच्ची आहे, त्यास मराठीच्या द्वारे इंग्रजी शिकविणे म्हणजे पाया ओला असतानाच मजला चढविणे होय. त्यातच दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, आणि मुलांच्या शिक्षणात महिनोन्‌महिने खंड पडतो.

इंग्रजी साहित्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. परीक्षेच्या धाकाने कवितेचा अर्थ मार्गदर्शिकेतून पाठ होतो, रसास्वादाचे नावही राहत नाही. वास्तविक याच नंदुरबार जिल्ह्यातील कवी वाहरू सोनवणे यांच्या भिली व मराठी कविता इंग्रजीत अनुवादित झाल्या आहेत. ते अनुवाद वर्गात शिकविले, तर परिचित अनुभवाच्या आधाराने अपरिचित भाषेत प्रवेश सुकर होईल. पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांनी ही तजवीज अवश्य करावी.