पेटी केवढी, मासा कोणता?

खानदेशांतील माणसास समुद्र पाहावयाचा म्हणजे घाट उतरून जावें लागतें. १९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि देशावरून मुंबईस गेलेल्या कित्येक मुलांनीं समुद्रांतले रंगीत मासे प्रथम तेथें कांचेआड पाहिले. आतां तसले मासे प्राणवायु भरलेल्या पिशवींतून जळगांव-धुळ्यापर्यंत आणतां येतात. तयार मीठ विरघळवून समुद्राचें पाणी घरींच करतां येतें. प्रवाळखडकाचा देखावा बैठकीच्या खोलींत उभा करण्याची हौस ज्यास लागते, त्याचें मन पहिल्यानें ओढून घेतो तो टँग मासा. आणि त्याची फसगतही बहुधा ह्याच माशाच्या बाबतींत होते.

टँग हें व्यापारांतील नांव. ह्याच्या शेपटीच्या बुडाशीं दोन्ही अंगांस शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा धारदार कांटा असतो, म्हणून त्यास सर्जन मासा असेंही म्हणतात. कुळांत ऐंशीच्या आसपास जाती आहेत. अंग थाळीसारखें चपटें, तोंड इवलेंसें, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खडकावरील शेवाळ खुडीत हिंडणें हा त्यांतील बहुतेकांचा उद्योग. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यांत काळ्या उभ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट टँग थव्याथव्यानें असा चरतांना दिसतो. जुन्या काळच्या कैद्यांच्या पोषाखावरून त्यास हें नांव मिळालें. गुरास जसें गायरान, तसा ह्यास खडक लागतो. गाय गोठ्यांत बांधून वैरण टाकली तरी ती निभावते. टँगाचें तसें होत नाहीं. त्याचें शरीर सतत पोहण्यासाठींच घडलेलें आहे.

दुकानांतील टँग बहुधा दोन-तीन इंचांचें पिलूं असतें. तें दोन फुटी पेटींत सुखानें वळसे घेतांना पाहून गिऱ्हाईक मोहून जातें. रावेर-यावलकडील कोणताही बागाईतदार ह्या मोहांत सांपडला नसता. केळीचें वीतभर रोप लावतांना तो पांच फुटांवर पांच फूट जागा सोडतो. रोपाकडे पाहून नव्हे, तर पुढें पसरणारीं पानें आणि घडाचा भार मनांत धरून. माशाच्या बाबतींतही हिशेब पूर्ण वाढीचाच धरावयाचा. "मासा पेटीपुरताच वाढतो" असें एक वचन विक्रेते सांगत असतात. त्यांत तथ्य इतकेंच कीं, कोंडलेल्या व घाणेरड्या पाण्यांत माशाची वाढ खुंटते. आणि खुंटलेला मासा हा आजारी मासा असतो. पिवळा टँग समुद्रांत तीस वर्षांहून अधिक जगूं शकतो हें ध्यानीं घेतलें, म्हणजे ही निवड किती लांबवरची आहे तें कळेल.

आतां पेट्यांकडे वळूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटींत सुमारें सत्तावन्न लिटर पाणी मावतें. हींत कोणताही टँग ठेवूं नये. तीन फुटी पेटीसही हेंच उत्तर, मग दुकानदार कांहींही म्हणो. तेथें क्लाउन मासा किंवा गोबी जातीचे लहान मासे शोभतात आणि सुखानें राहतात. चार फूट लांबीची, दीड फूट रुंद व तितकीच उंच पेटी सुमारें अडीचशें लिटरांची होते. हींत सहा-सात इंचांवर न वाढणारा टोमिनी अथवा कोले टँग, एकच, ठेवतां येतो. ह्यांचे दांत कंगव्यासारखे बारीक असतात. खडकावरचा पातळ थर ते खरवडून खातात, त्यामुळें पेटीही स्वच्छ राहते. आठ इंचांपर्यंत वाढणारा पिवळा टँग चार फुटी पेटींत ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्यास पांच फूट मिळाले तर बरें.

सहा फूट लांब व दोन-दोन फूट रुंद-उंच पेटींत सुमारें सहाशें ऐंशी लिटर पाणी राहतें. लहानांच्या आवडत्या चित्रपटामुळें घराघरांत ठाऊक झालेला निळा टँग ह्याच मापाचा धनी आहे, कारण तो फूटभर वाढतो. आकाशी रंगाचा पावडर ब्लू टँगही येथेंच. पिवळ्या-निळ्या रेघांचा लिनिएटस आणि दीड फुटाच्या घरांत जाणारा नासो ह्यांस आठ फुटांखालीं जागा नाहीं. त्यांतून लिनिएटस इतका भांडखोर कीं, आठ फूटही शेजाऱ्यांस अपुरे पडतात. नाकावर शिंग येणारे मोठे नासो तर घरगुती पेटीसाठीं नाहींतच. माप पाहतांना लिटरांपेक्षां लांबी अधिक महत्त्वाची, कारण उंच पण आंखूड पेटींत पाणी पुष्कळ असलें तरी माशास धांव मिळत नाहीं. आणि सहा फुटी पेटीचें नुसतें पाणीच सातशें किलोच्या आसपास भरतें, त्यांत दगड व कांच निराळी. जुन्या धाब्याच्या घरांत माडीवर ती ठेवण्याचा विचारही करूं नये.

वरील मापें समशीतोष्ण देशांत बसून लिहिणाऱ्यांनाही मान्य होतील. खानदेशांत मात्र त्यांवर उन्हाळ्याचा कर द्यावा लागतो. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरांत जातो, आणि प्रवाळखडकावरील माशांस चोवीस ते सत्तावीस अंशांचें पाणी मानवतें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि नेमका त्याच वेळीं माशाचा श्वास जलद चालूं लागतो. टँग हा आधींच प्राणवायूचा मोठा खर्चिक. म्हणून येथें पेटी मापानें एक पायरी मोठी घ्यावी, मासा एक पायरी लहान घ्यावा, आणि पाणी गार करणारें यंत्र घेण्याची ऐपत नसेल तर टँगाचा नादच सोडावा. वीज गेली असतां चालणारा, बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असावा. दुपारीं दोन तास वीज नसली तर भरगच्च पेटी हातची जाऊं शकते.

येथील कोरड्या हवेंत पृष्ठभागावर पंख्याचा वारा घातला तर पाणी कांहीं अंश उतरतें हें खरें. परंतु तें वाफ होऊन उतरतें, आणि मीठ मागें राहतें. अडीचशें लिटरांतील पांच लिटर उडाले तर हजारीं पस्तीस भाग असलेला क्षार जवळ जवळ पस्तीस पूर्णांक सात दशांशांवर जातो. ही तूट गोड्या पाण्यानेंच भरावी. नवशिके खारें पाणी ओततात आणि दिवसेंदिवस क्षार चढत जातो. तें गोडें पाणीही बोअरचें नको. जड पाणी आणि खतांतून उतरलेलें नत्र ह्यांनीं शेवाळ माजतें. गाळणयंत्राचें, म्हणजे आर. ओ. चें, पाणी वापरावें.

पेटीची सजावट करतांना एक गोष्ट विसरूं नये. आपल्या किनाऱ्यावरील खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. वाघास जें संरक्षण, तेंच त्यांस. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटरवर बुडालेली आंग्रिया बँक असो कीं मालवणचा खडक असो, तेथील तुकडा "शोभेसाठीं" म्हणून कोणी देऊं केला तर तो हातीं घेऊं नये. भाजक्या मातीचा, सच्छिद्र कृत्रिम खडक टँगास पुरेसा होतो. मासाही बहुधा समुद्रांतूनच धरलेला असतो. त्याचीं सूक्ष्म पिलें कित्येक आठवडे उघड्या समुद्रांत वाहत वाढतात, म्हणून पाळून वीण घेणें फार कठीण. पिवळ्या टँगाची वीण २०१५ सालीं हवाईमध्यें आणि निळ्याची २०१६ सालीं फ्लोरिडांत साधली. पाळीव विणीचा मासा मिळाला तर चार पैसे अधिक द्यावे.

नव्या टँगास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर जडतो. पावडर ब्लू तर त्याविषयीं बदनामच आहे. ह्यावर तांब्याचें औषध चालतें, पण तेंच औषध पेटींतील गोगलगाई, कोळंबी व प्रवाळ ह्यांस विषासमान. ह्यासाठीं मासा आधीं वेगळ्या, मोकळ्या पेटींत निदान चार आठवडे ठेवावा. दोन टँग ठेवावयाचे तर ते एका बांध्याचे नसावेत, आणि शक्यतों एकाच दिवशीं सोडावेत. नाहीं तर जो भांडखोर त्यास शेवटीं सोडावें. सोडतांना दिवे मालवावेत, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाळलेल्या समुद्रशेवाळाचे दोन पट्टे पेटीच्या दोन टोंकांस चिमट्यानें लावावेत, म्हणजे दबलेल्या माशासही घास मिळतो.