टोक खरबरीत, पकड घट्ट

पाण्याची पाळी रात्रीची, स्टार्टरचं झाकण उघडायचंय आणि स्क्रू-ड्रायव्हर सटकतो! स्क्रूची खाच गोल होते, कधी टोक तळहातात घुसतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या मळ्यांत हे नवं नाही. जर्मनीच्या वेरा कंपनीने अशा टोकांवर लेसर किरणांनी बारीक, खरबरीत कंगोरे काढले आहेत. ते स्क्रूच्या धातूत रुततात. दाबून धरायला जोर कमी लागतो. आपल्याला ही युक्ती परकी नाही. गाळपात रोलर ऊस पकडेनासा झाला की त्याच्या दातांवर वेल्डिंगचे ठिपके मारतातच की! मात्र खाच पार झिजली असेल तर लेसर तरी काय करणार? तो स्क्रू आम्ही बदलूनच टाकतो. आणि हो, झाकणाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद!